मंजिरी खुडावी की राखावी?

पाऊस ओसरून भाद्रपद-आश्विनाचे ऊन पडू लागले की तुळशीच्या प्रत्येक शेंड्याला जांभळट मंजिरी डोकावू लागते, आणि देवालयाच्या आवारात एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. कोणी वडीलधारी बाई म्हणते, “मंजिऱ्या काढून टाका, तुळशीच्या डोक्याला भार होतो; झाड वाळेल.” दुसरी म्हणते, “देवाच्या झाडाचा तुरा तोडू नये, दोष लागतो.” पूजा करणाऱ्यास तर मंजिरीच हवी असते, कारण विष्णूला नुसत्या पानापेक्षा मंजिरी अधिक प्रिय, असा आपल्याकडे भाव आहे. तिघांचाही हेतू शुद्ध आहे. परंतु तिघांचेही म्हणणे एकाच झाडावर एकाच वेळी पाळता येत नाही, ही अडचण आहे.

हा प्रश्न बायकांच्या बोलण्यातला म्हणून सोडून द्यावा असे कित्येकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. थोडा विचार केला म्हणजे दिसून येते की, यात धर्माचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जे आपल्या आधाराने जगते, त्याच्याकडून आपण किती घ्यावे, आणि त्याचे म्हणून त्याला किती राहू द्यावे? आमचे शिक्षण हायस्कुलापुरतेच झालेले असल्याने शास्त्रार्थ करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. मात्र पुजाऱ्याच्या घरात जन्म झाल्यामुळे तुळस खुडण्याचे काम कळू लागल्यापासून आमच्या हाती आहे. त्या कामात जे पाहिले आणि त्यावरून जे सुचले, ते देवालयाच्या कुटुंबीयांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

तुळशीबरोबर तिच्या एका भावंडाचाही येथे विचार केला पाहिजे. मराठीत त्यास आपण सब्जा म्हणतो, आपले कानडी बोलणारे शेजारी कामकस्तुरी म्हणतात, आणि उर्दू बोलणारे रैहान म्हणतात. चिटगुप्प्यासारख्या गावात या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात, त्यामुळे एकाच रोपाला तीन नावे असल्याचे कोणास नवल वाटत नाही. तुळशीपेक्षा याचे पान मोठे, गुळगुळीत व चकचकीत असते, फूल बहुधा पांढरे असते, आणि वास गोडसर असतो. याचेच काळे बी पाण्यात घातले की थोड्याच वेळात फुगते, त्याभोवती बुळबुळीत पांढुरके आवरण येते, आणि उन्हाळ्यात ते सरबतात घालून पितात. फुललेल्या कामकस्तुरीचे तुरे कर्नाटकात माळांत गुंफतात, आणि मुसलमान बांधव सब्जा आपल्या पूर्वजांच्या कबरींवर लावतात. एक भावंड वृंदावनात बसले, दुसरे मृतांच्या उशाशी बसले. परंतु कूळ एकच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली सब्ज्याला जे नाव दिले त्यातील ‘बॅसिलिकम’ हा शब्द ‘राजाचे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मंजिरीविषयीचा प्रश्न या दोघांनाही सारखाच लागू पडतो, किंबहुना सब्ज्यावर तो अधिक स्पष्ट दिसतो.

धर्माधर्माचा निर्णय वस्तुस्थिती जाणल्यावाचून केला तर तो बहुधा चुकतो. म्हणून प्रथम झाड कसे वाढते ते पाहू. तुळस आणि सब्जा यांचे कोवळे दांडे चौकोनी असतात. पाने समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक बारीक डोळा निजलेला असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत तो आपल्या रसाच्या योगाने खालच्या डोळ्यांना वाढू देत नाही. शेंडा खुडला की ही आडकाठी दूर होते, आणि लगतच्या जोडीतील दोन्ही डोळे जागे होऊन एका फांदीच्या दोन फांद्या होतात. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर पहिला शेंडा खुडावा, मग नव्या फांद्यांचेही तसेच करावे. एकाच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ अशा फांद्या होत झाड घुमटासारखे गच्च भरते. ज्याला कोणी कधी हात लावला नाही असे रोप उंच, काटकुळे होऊन लवकर तुऱ्यावर येते. तेव्हा खुडणे म्हणजे केवळ हिंसा, हे म्हणणे येथेच लटके पडते. योग्य वेळी खुडलेला शेंडा झाडाला भरदारपणा देतो.

मंजिरी आली म्हणजे मात्र झाडाचा सारा कारभार बदलतो. ज्या शेंड्यातून पाने निघत होती तोच आता फुलांचा दांडा होतो, आणि त्या दांड्यावर पुढे नवी पाने येत नाहीत. फुले वलयावलयाने येतात. एका वलयात सहसा सहा फुले असतात, आणि प्रत्येक फुलाच्या तळाशी चार बिया धरतात. एका मंजिरीवर दहा वलये धरली तर साठ फुले होतात. ती सर्व फळली तर दोनशे चाळीस बिया होतील. एवढा संसार उभा करायचा म्हणजे झाडाला आपले बळ पानांकडून काढून बियांकडे न्यावे लागते. सब्जा हे तर एका हंगामाचे झाड आहे. बी पिकले की तो वाळू लागतो. तुळस काही वर्षे टिकते, तरी मंजिऱ्यांचा भार फार झाला की तीही उघडीबोडकी दिसू लागते. यावरून मंजिरी काढा म्हणणाऱ्या बाईचे म्हणणे अनुभवाचेच आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु तिचे म्हणणे पूर्ण सत्य आहे असेही नव्हे. मंजिरी दिसली की खुडायची, असा नेम वर्षानुवर्षे चालविला तर झाड पुष्कळ दिवस हिरवे राहते; तरी त्याचे म्हातारपण टळत नाही. खोड लाकडासारखे होते, फुटवे विरळ होतात, आणि एखाद्या वैशाखात ते मरते. त्या वेळी त्याचे बी घरात नसते. फांदी लावूनही रोप होते हे खरे. पण ते जुन्याच झाडाचे आयुष्य लांबविणे झाले. नवा जीव बियातून येतो, आणि बी मंजिरीतून येते. मधमाशीला तुळशीचे पान काही देत नाही, तिला फूलच लागते. ज्याने एकही मंजिरी फुलू दिली नाही, त्याने झाड जगविले, पण त्याची वंशवेल तोडली.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते सर्व प्रश्नाची किल्ली तीत आहे. फूल दोन वाटांनी येते. पहिली वाट सुखाची आहे. झाडाला दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळावे, पाणी नेमाने पण बेताने मिळावे, माती निचऱ्याची असावी, आणि ठराविक वेळेनंतर खुडणे थांबवावे. म्हणजे भरलेले झाड आपण होऊन फुलावर येते. बिदर-हुमनाबादच्या पठारावरील जांभ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवीत नाही, ती या कामी सोयीची आहे. काळ्या रानातील चिकट माती कुंडीत घ्यायची झाल्यास तीत वाळू मिसळावी. शेणखत अति झाले तर झाड पानांतच रमते आणि फुलाला उशीर करते, म्हणून फुलांच्या दिवसांत खताचा हात आखडता घ्यावा.

दुसरी वाट दुःखाची आहे. रोप लहान भांड्यात कोंडले, पाणी तोडले, चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापविले, तर तेही फुलते. आणि सुखी झाडाच्या आधी फुलते. पान चार बोटांचे नाही, फांदी धड नाही, तरी शेंड्याला मंजिरी लागते. वरवर पाहणारा म्हणतो, “वा, एवढेसे रोप, पण किती लवकर फुलले!” जाणता माळी मात्र ती मंजिरी पाहून हळहळतो. मरण जवळ आल्याची शंका झाडाच्या देहाला येते, आणि वंश तरी मागे राहावा म्हणून ते उरलेसुरले बळ फुलात घालते. या मंजिरीतही फुले असतात, तिलाही वास असतो, देवाला वाहिली तर पूजेत काही न्यून दिसत नाही. दोन मंजिऱ्या ताटात शेजारी ठेवल्या तर कोणती सुखाची आणि कोणती दुःखाची, हे सांगणे कठीण आहे. फरक झाडाकडे पाहूनच कळतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झाड कोणाचे? एक पक्ष असा की, सृष्टी मनुष्याच्या उपयोगासाठी आणि देवाच्या पूजेसाठी आहे. म्हणून पान हवे तर पान घ्यावे, मंजिरी हवी तर मंजिरी घ्यावी, झाडाने काय म्हणावे हा प्रश्नच उद्भवत नाही. या पक्षाला आमचे उत्तर असे आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार आला आहे. देवांनी दिलेले भोगून त्यांना परत काही न देणाऱ्यास तेथे चोर म्हटले आहे. मग जे झाडाकडून रोज घेतो आणि झाडाच्या पुढल्या पिढीची सोय पाहत नाही, त्याचे नाव पूजेच्या ताटामुळे बदलत नाही. शिवाय नवव्या अध्यायात, भक्तीने दिलेले पानदेखील देव स्वीकारतो असे सांगितलेले आहे. तेव्हा देवाला मंजिरीच पाहिजे होती, ही सबब आपण देवाच्या नावावर घालू नये.

दुसरा पक्ष असा की, झाड झाडाचे आहे, त्याला हातच लावू नये. हा पक्ष दयाळू दिसतो, पण तो अपुरा आहे. रानातील झाड रानाच्या हिशेबाने जगते. वृंदावनातील तुळस आपण लावली म्हणून तेथे आहे. तिची मुळे चार विटांच्या आत आपण कोंडली आहेत. तिला पाणी शोधायला दूर जाता येत नाही. तिला हात न लावणे म्हणजे तिला मोकळे सोडणे नव्हे, तिच्याकडे पाठ फिरविणे होय. ज्याला आपण आश्रित केले त्याची छाटणी, पाणी, ऊन, सावली हे सर्व पाहणे आपल्यावर येते. झाडाला सुखदुःख असते की नाही, याचा वाद येथे घालण्याचे कारण नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू (१८५८–१९३७) यांनी सूक्ष्म यंत्रे करून वनस्पती आघाताला प्रतिसाद देते हे दाखविले. त्या प्रतिसादाला वेदना म्हणावे की नाही हे विद्वानांनी ठरवावे. ते काहीही ठरो, जे आपल्यावर अवलंबून आहे त्याचे उत्तरदायित्व आपल्याकडे राहतेच.

या दोन पक्षांच्या मधली वाट आपल्या मराठी परंपरेने फार पूर्वी चालून दाखविली आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे. तेथील संत सावता माळी यांनी इ. स. १२९५ मध्ये समाधी घेतली असे परंपरा मानते. ते नामदेवांच्या काळचे. पंढरपूर जवळ असूनही आपला मळा सोडून ते वारीस जात नसत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. या कथेकडे आम्ही जरा निराळ्या बाजूने पाहतो. माळी हा घेणारा मनुष्य आहे. तो भाजी उपटतो, शेंडे खुडतो, मळा विकून पोट भरतो. पण माळ्याला एक गोष्ट विसरून चालत नाही: वाफ्यातील काही झाडे बियांसाठी राखावी लागतात. ती उपटायची नसतात. चांगल्यातली चांगली निवडून त्यांना फुलू द्यायचे असते, पिकू द्यायचे असते. ज्या माळ्याने मोहाने तीही विकली, त्याचा पुढल्या वर्षीचा वाफा रिकामा. घेणे आणि राखणे ही दोन्ही एकाच हाताची कामे आहेत, आणि ती दोन्ही करणाऱ्याच्या मळ्यात देव येतो, असा त्या कथेचा अर्थ आम्ही करतो.

किती घ्यावे, याविषयी एक प्रसंग मीराबेन यांनी लिहून ठेवला आहे. तो १९२९ च्या सुमारास ‘यंग इंडिया’त आला. पिंजण्याच्या धनुकलीच्या तातीला लावण्यासाठी त्यांना बाभळीचा थोडा पाला हवा होता. रात्रीची वेळ होती. पाला आणणाऱ्याने भली मोठी फांदीच आणली, आणि तिची पाने रात्रीमुळे मिटलेली होती. ते पाहून महात्मा गांधींस फार वाईट वाटले. झाडे निजलेली असताना त्यांना तोडले, आणि लागत होते त्याहून पुष्कळ अधिक तोडले, ही दोन कारणे होती. आपल्या घरांतूनही दिवेलागणीनंतर तुळस तोडू नये असे सांगतात. द्वादशीस तुळस खुडीत नाहीत. त्याचबरोबर शास्त्राने अशीही सोय करून ठेवली आहे की, तुळशीपत्र शिळे होत नाही. काल काढलेले आज चालते. या नियमांकडे केवळ विधी म्हणून पाहणारा त्यांतले मर्म हरवतो. झाडाला विसावा असावा, आणि पुजाऱ्याने साठवलेल्या चार पानांवर भागवावे, हे त्यांत स्पष्ट आहे. सत्यभामेच्या सर्व सोन्याने जे पारडे हलले नाही ते रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने हलले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे टोपलीभर तुळस ओततो. संध्याकाळी तीच टोपली निर्माल्यात जाते. पत्राची संख्या वाढविल्याने भक्ती वाढत नाही, झाडे मात्र ओरबाडली जातात.

आपल्याकडचा हा विचार इतरत्रही वेगळ्या रूपाने आढळतो. इटलीतील जेनोव्हा शहराचे लोक सब्ज्याच्या अगदी कोवळ्या पानांची चटणी वाटतात. फुलावर आलेल्या झाडाच्या पानाची चव बदलते, म्हणून ते त्याला फुलू देत नाहीत. ग्रीस देशात हेच झाड चर्चमध्ये मानाचे आहे. १४ सप्टेंबरच्या क्रुसाच्या उत्सवात त्याच्या डहाळ्या भाविकांना वाटतात, आणि पवित्र पाणी शिंपडण्यासही त्याची जुडी वापरतात. एकाला पान हवे, दुसऱ्याला सुगंधी डहाळी हवी, सरबतवाल्याला बी हवे. प्रत्येकाचे घेणे वेगळे. त्यामुळे खुडण्याची वेळही वेगळी. पण जेनोव्हाच्या माळ्यालाही पुढल्या वर्षी पेरायला बी लागते, आणि ते कुठे तरी, कोणी तरी राखलेल्या, फुलू दिलेल्या झाडापासूनच येते. सबंध जग पानच मागू लागले तरी बियांचे ऋण कोणाला टळत नाही.

येथवर झाडाविषयी बोललो. परंतु देवालयाच्या कुटुंबांपुढे लिहिताना हा विचार झाडापाशीच थांबविला तर तो अर्धाच सांगितल्यासारखे होईल. आपल्या घरांतूनही असे जीव आहेत, जे आपल्या आधाराने वाढतात आणि ज्यांच्याकडून आपण रोज काही घेतो. ती आपली मुले होत.

पुजाऱ्याच्या घरी मुलगा मुंजीनंतर लवकरच कामाला लागतो. गंध उगाळणे, तुळस-फुले आणणे, उत्सवात रात्री जागणे, हे त्याच्या वाट्यास येते. शेतकऱ्याच्या घरी तो गुरांमागे जातो, दुकानदाराच्या घरी तागडी धरतो, आणि मुलगी तर सर्वच घरांत धाकट्या भावंडास कडेवर घेते. यात वावगे काही नाही. आरंभीची थोडी खुडणी जशी झाडाला भरदार करते, तशी लहानपणीची शिस्त आणि कामाची सवय मनुष्याला करते. ज्याला कधी कोणी नाही म्हटले नाही, तो मुलगा न खुडलेल्या सब्ज्यासारखा उंच पण पोकळ वाढतो. अडचण पुढे येते. मुलाला किंवा मुलीला स्वतःचा तुरा फुटू लागतो. कोणाला गाण्याचा, कोणाला गणिताचा, कोणाला दूर हैदराबादेस किंवा पुण्यास जाऊन शिकण्याचा, कोणाला बापाचीच गादी निराळ्या रीतीने चालविण्याचा. अशा वेळी घर म्हणते, “आता पान देत आहेस तेवढेच दे.” आणि शेंडा खुडला जातो. पुन्हा फुटतो, पुन्हा खुडला जातो. घर हिरवेगार दिसते. चार जण म्हणतात, मुले किती कह्यात आहेत! बी मात्र धरत नाही.

याच्या उलटही घडते, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. ज्या घरात कर्ता पुरुष लवकर जातो, किंवा कर्ज होते, किंवा आई अंथरुणास खिळते, त्या घरातले दहा-बारा वर्षांचे लेकरू एकाएकी शहाणे होते. हिशेब ठेवते, हट्ट करीत नाही, मोठ्यांसारखे बोलते. गाव त्याचे कौतुक करतो, “एवढ्याशा वयात किती समज!” ही समज खरीच असते, तिला कोणी कमी लेखू नये. पण ती तहानलेल्या रोपाची मंजिरी असते. तिचे कौतुक करून आपण घरी निघून गेलो, तर आपण वरवर पाहणाऱ्यांपैकी झालो. जाणत्याने मंजिरीखालच्या मातीला हात लावून पाहावे, ती कोरडी असेल तर पाणी घालावे. देवालयाशी जोडलेल्या कुटुंबांचा एकमेकांवर काही हक्क असेल तर तो हाच आहे, असे आम्हांस वाटते.

मग शेवटी करावे काय? खुडावे की राखावे, याला एका शब्दात उत्तर नाही. पण एका नेमाने उत्तर देता येते. तो नेम असा की, ज्याच्याकडून घ्यावे त्याच्यापाशी त्याच्या फुलण्यापुरते, त्याच्या बियांपुरते राहू द्यावे. एवढे राखले तर घेणे निर्दोष होते. न राखले तर पूजेसाठी घेतलेले पानही ओरबाडलेलेच होय. मंजिऱ्या काढा म्हणणाऱ्या बाईने बहुतेक मंजिऱ्या खुशाल काढाव्यात. तोडू नका म्हणणाऱ्या बाईच्या समाधानासाठी एक-दोन फांद्यांना कोणीही हात लावू नये. पुजाऱ्याला काढलेल्या मंजिऱ्यांतून मिळतील तेवढ्या पुष्कळ आहेत. तिघांचा वाद असा एका झाडावर मिटू शकतो.

हे करणे अवघड नाही. झाडाची सर्वांत निकोप फांदी निवडून तिला एक दोरा बांधावा, म्हणजे घरातील सर्वांस कळेल की ही बियांची फांदी आहे. तिच्यावरील फुले खालून वर उमलत जातात, आणि बीही खालून वर पिकते. निम्मी मंजिरी तपकिरी झाली की ती सकाळचे दव वाळल्यावर कापावी, कागदाच्या पिशवीत उलटी टांगावी, आणि वाळल्यावर तळहातावर चोळून फुंकून बी वेगळे करावे. तुळशीचे बी फार बारीक असते. ते पेरताना खोल पुरू नये, भुसभुशीत मातीवर टाकून वरून चिमटीभर माती भुरभुरावी, आणि पाणी ओतण्याऐवजी शिंपडावे. ऊब असली तर आठवड्या-दीड आठवड्यात अंकुर दिसू लागतो. सब्ज्याचे बी त्याहून मोठे असते आणि बहुधा त्याआधीच रुजते. ज्यांना सब्जा फुलवायचाच आहे त्यांनी दोन-तीन वेळा शेंडे खुडून झाड भरले की हात थांबवावा, आणि मग त्याच्या मंजिऱ्यांवर सकाळी मधमाश्यांची ये-जा पाहावी. पाणी तोडून फूल काढण्याचा मार्ग मात्र कोणी धरू नये. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला मंजिरी हवी म्हणून आश्विनात रोप तहानलेले ठेवणे, हे ज्या देवासाठी करायचे त्यालाच आवडणार नाही.

एक सूचना आम्ही मंडळाच्या विचारार्थ नम्रपणे ठेवतो. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. त्या वेळी लाह्या-चिरमुऱ्यांबरोबर प्रत्येक घराने आपल्या तुळशीचे चिमूटभर बी कागदाच्या पुडीत घालून शेजाऱ्यास द्यावे. कामकस्तुरी असेल तर तिचेही द्यावे. ते घेणारा कोणत्या भाषेचा किंवा कोणत्या पंथाचा आहे हे विचारू नये. एकाच्या अंगणातील झाड एखाद्या कडक उन्हाळ्यात गेले तरी त्याचा वंश दुसऱ्याच्या अंगणात राहील, आणि पावसाळ्याच्या तोंडी ते बी परत मागून आणता येईल. आषाढात पंढरीस निघालेल्या माउली डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. त्यांच्या डोक्यावरचे ते रोपही कोणी तरी कधी काळी राखलेल्या मंजिरीतूनच आलेले असते.

देवालयातील आणि घरातील तुळस येत्या कार्तिकात भरलेली असो, तिच्या एका तरी फांदीला दोरा बांधलेला असो, आणि आपल्या लेकरांच्याही एका फांदीला आपण आपल्या हाताने तसा दोरा बांधावा, एवढीच देवापाशी प्रार्थना आहे.